दोनदा सांगितलं होतं

पेट्रोल पंपावर बाई काम करते म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर ती बिचारी असणार, नाहीतर डांबरट. मी दोन्ही नाही. मी नलिनी, वय एक्केचाळीस. मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका पंपावर मला सोळा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं नुसतं नोझल धरलं. पुढचं सगळं मला गुणाजीकाकांनी शिकवलं. हे त्यांच्याबद्दल सांगायला बसले आहे, पण त्यात मी येणारच. कितीही टाळलं तरी.

गुणाजीकाका आमचे सुपरवायझर. मूळचे देवगडकडचे. वडील परळला गिरणीत होते. गिरणी गेली आणि वडिलांच्या छातीत बसलेला कापूस तेवढा राहिला. काका विसाव्या वर्षी पंपावर लागले आणि चाळीस वर्षं तिथेच. रोज पहाटे साडेपाचला ते टाकीचं झाकण उघडायचे. डिपची, म्हणजे पेट्रोल मोजायची, लांब काठी फडक्याने पुसायची, तिच्या खालच्या टोकाला पिवळट पेस्ट चोळायची आणि काठी टाकीत तळापर्यंत सोडायची. पेस्ट लाल झाली तर तळाशी पाणी आहे. नाही झाली तर नाही. मग काचेच्या उंच भांड्यात पेट्रोल घेऊन त्याची घनता बघायची, तापमान बघायचं आणि दोन्ही वहीत लिहायचं. निळी शाई, टपोरं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मला शिकवायला घेतलं त्या दिवशी म्हणाले होते, "वयत खोटो आकडो लिवलंस तर माझ्याकडे परत येव नको." म्हणजे वहीत. काका चिडले की मालवणीवर यायचे.

हवा सुधारावी म्हणून सरकारने पेट्रोलमध्ये जे जे बदल केले ते सगळे या माणसाने नोझल हातात धरून पाहिले होते. शिसं गेलं, तेव्हा ते होते. रिक्षावाल्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल हाताने ओतायचं बंद झालं, तेव्हा होते. गंधक कमी झालं. मग इथेनॉल आलं, आधी पाच टक्के, मग दहा, आता वीस. यावर त्यांचा विनोद ठरलेला. "पूर्वी ड्रायव्हर पिऊन यायचे, आता गाडी पिऊन जाते." पण कंपनीचं परिपत्रक आलं की चष्मा लावून आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. कोणी जांभई दिली तर म्हणायचे, "छातीत गेलेलं बाहेर काढता येत नाही रे. माझ्या बापाला विचार." बाप जाऊन पंचवीस वर्षं झालेली.

गेल्या फेब्रुवारीत कंपनीने पवईला एका हॉलमध्ये प्रशिक्षण ठेवलं. जायचं होतं काकांनी. जूनअखेर ते निवृत्त होणार होते, म्हणून म्हणाले, "तू जा. माझ्यानंतर तुलाच बघायचं आहे." मी गेले. जेवण झकास होतं आणि शिकवलंही नीट. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते तळाशी वेगळं पडून राहायचं. या नव्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते पाणी पिऊन टाकतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलमधून बाहेर पडतात आणि तळाशी जाऊन बसतात, नेमके तिथे जिथून पंप खेचतो. आणि आपली जुनी पिवळी पेस्ट यावर मुकी. तिचा रंगच बदलत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट निघाली आहे. तिच्या दोन ट्यूब प्रत्येकाला दिल्या. शिवाय टाकीच्या आसपास पाणी साचलं, तर विक्री सुरू करण्याआधी तळातलं पेट्रोल काचेत घेऊन डोळ्यांनी बघायचं. शेवटी एका फॉर्मवर सही घेतली. 'ही माहिती मी पंपावरच्या सर्वांना दिली आहे.' दिली नव्हती अजून, पण सगळ्यांनी सही केली. मीही केली.

परत आले तर पंपावर वेगळंच चाललेलं. मालकांचा मुलगा सुबोध, नुकताच एमबीए झालेला, टाकीत बसवलेल्या सेन्सरचे आकडे केबिनच्या कॉम्प्युटरवर दाखवत होता. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काका, तुमची ती काठी आता म्युझियमला देऊन टाका ना." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. काकांनी काठी पुसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसली आणि भिंतीला लावून ठेवली.

माझ्या पर्समध्ये त्या दोन ट्यूब होत्या. मनात म्हटलं, आज नको. आजच्या दिवसात आणखी एकाने 'काका, आता तसं नाही करायचं' म्हणायला नको. उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. ट्यूब माझ्या कपाटात गेल्या.

इतकंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण आणखी एक होतं. मला वाटलं होतं, जुलैपासून वही माझ्या हातात येणार. तेव्हा ही नवी पेस्ट काढू. माझ्यापासून काहीतरी नवीन सुरू होईल. सुबोधसमोर, पंपावरच्या पोरांसमोर. म्हणजे काकांची दया कमी आणि माझी मिजास जास्त. हे मी आजवर कोणाला बोललेले नाही.

एप्रिलच्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता रस्त्याच्या खोदकामात पाण्याचा मोठा पाइप फुटला. दहा मिनिटांत पंपाचं अंगण भरलं, घोट्यापर्यंत पाणी. टाकीची झाकणं पाण्याखाली गेली. वीज बंद करावी लागली, म्हणून कॉम्प्युटर बंद, सेन्सर बंद. सुबोध फोनवर फोन लावत फिरत होता. दीड तासाने पाणी ओसरलं, जनरेटर लावला, पण सेन्सर काही चालू होईना. तोवर बाहेर गाड्यांची रांग लागलेली आणि हॉर्नचा नुसता गोंगाट.

"काका, आता काय करायचं?" सुबोधने विचारलं. म्युझियमवाला सुबोध. काकांनी काठी घेतली, पुसली, टोकाला पेस्ट चोळली. पिवळी. मी त्यांच्या शेजारी उभी होते, हातात झाकण घेऊन. झाकणाचं रबर कडक झालेलं मला बोटांना लागत होतं, असं रबर पाणी अडवत नाही. काठी आत गेली. मला नीट आठवतं, माझ्या तोंडून शब्द निघाला, "काका..."

ते वाकलेले होते. मान वळवून बघितलं. "काय गो?"

मागे रांग. समोर सुबोध. आणि काकांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तो जुना रुबाब आलेला, सगळी मशिनं बंद आणि फक्त त्यांची काठी चालू. मी म्हटलं, "काही नाही."

काठी वर आली. पेस्ट पिवळीच. काकांनी ती सुबोधला दाखवली, मला दाखवली. "पाणी नाय. चालू करा."

सव्वादहाला विक्री सुरू झाली. नळीत पाणी शिरण्याआधीचं पेट्रोल होतं, म्हणून पहिल्या गाड्या ठीक गेल्या. पावणेअकराच्या सुमाराला अक्षता आली. ती आमची रोजची. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची, स्कूटरवर पायांशी थंड पेटी. सव्वीस-सत्तावीसची असेल. मला नलूताई म्हणायची आणि दर वेळी विचारायची, "काय ताई, तुमचं रक्त कधी देताय?" मी म्हणायचे, "या पगारात रक्त कुठलं राहतंय." त्या दिवशी ती घाईत होती. "दोनशेचं टाका पटकन, नमुने तापतील." मी टाकलं. माझ्या हाताने. ती हायवेच्या बाजूला वळली.

अकरा वाजता एक जण बाइक ढकलत परत आला, शिव्या देत. त्याच्यामागे दुसरा. काका धावत नोझलपाशी आले, काचेच्या भांड्यात पेट्रोल घेतलं आणि उजेडात धरलं. भांड्यात मधोमध आडवी रेघ होती. वर पेट्रोल, खाली पाणचट काहीतरी. काका ते भांडं धरून उभे राहिले. मग एकेक करून सगळी नोझल त्यांनी स्वतः बंद केली. "पेस्ट पिवळी होती," एवढंच म्हणाले. मला म्हणाले की स्वतःलाच, कळलं नाही.

हायवेच्या पुलावर ट्रॅफिक जाम आहे हे दुपारी कळलं. का जाम आहे ते संध्याकाळी. चढावर स्कूटर अचानक बंद पडली, मागून ट्रक येत होता. ट्रकवाला पोलिसांना म्हणाला, ती किक मारत होती. अक्षता जागच्या जागी गेली. पेटीतल्या नळ्या रस्त्यावर फुटल्या होत्या, तर लोकांना वाटलं एवढं सगळं रक्त तिचंच.

मी त्या रात्री जेवले नाही, असं सांगितलं तर ते चांगलं दिसेल. पण मी जेवले. आईने वाढलं आणि मी जेवले. मग मोरीत जाऊन सगळं ओकले.

तिसऱ्या दिवशी कंपनीची अधिकारी आली, तेजल मॅडम. तरुण, शांत, बोलायला चांगली. केबिनमध्ये मालक, सुबोध, काका आणि मी. पोलिसांनी स्कूटरच्या टाकीतला नमुना तपासायला नेला होता. तेजल मॅडमने वही चाळली, चाळीस वर्षांच्या सवयीचं ते टपोरं अक्षर. मग फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. माझ्या सहीचा फॉर्म. मी कागदाकडे बघितलं आणि पाचावर धारण बसली. काकांनीही तो वाचला, चष्मा लावून, परिपत्रक वाचायचे तसा सावकाश. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. झाकण धरून मी 'काही नाही' का म्हटलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला दिसलं ते.

"नलिनीताई," तेजल मॅडम म्हणाली, "नव्या पेस्टबद्दल तुम्ही यांना सांगितलं होतं का?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देवाशपथ आजही माहीत नाही. घरात कमावती मी एकटी, आईचं औषधपाणी, हे सगळं डोक्यात आलं की नाही तेही आठवत नाही. त्याआधीच काका बोलले.

"सांगितलं होतं. दोनदा. मीच ऐकलं नाही."

"दोनदा?"

"एकदा ती पवईहून आली तेव्हा. एकदा त्या दिवशी, टाकीपाशी. मी म्हटलं, मला शिकवू नको."

तेजल मॅडमने कोरा कागद पुढे केला. काकांनी लिहून दिलं. निळी शाई, खाडाखोड नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षांत घनतेचा एक आकडा पॉइंटने चुकवला नाही, त्याने सबंध पान खोटं लिहिलं आणि खाली सही केली. मी समोर बसले होते. मी गप्प बसले. पहिल्या वेळी गप्प बसले तेव्हा निदान त्यांचा मान राखत होते. या वेळी नुसती भ्याले.

काकांना त्याच दिवशी घरी पाठवलं. पोलिसांनीही तोच जबाब घेतला, केस उभी राहिली, तारखा पडतील. जूनमध्ये हार-नारळाचा कार्यक्रम करायचं ठरलं होतं, पोरांनी त्याबद्दल तोंडही उघडलं नाही. उलट म्हणायची, "म्हातारा अडेल होता यार. पोरीचा जीव गेला." मला सुपरवायझर केलं. पहाटे साडेपाचला मी टाकीचं झाकण उघडते, नवी पेस्ट लावते. सुबोध सगळ्यांना सांगतो, नलिनीताईंनी दोनदा सावध केलं होतं. कोणी ऐकलं नाही.

महिन्याने मी भांडुपला त्यांच्याकडे गेले. डोंगरावरची चाळ, पायऱ्या चढून दम लागतो. त्यांना विचारायचं होतं की असं का केलंत, आणि काकींसमोर सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. वाटेत मनात पाठही केलं. दार शेवंतीकाकींनी उघडलं. काका खिडकीशी बसले होते, समोर काही नाही, पेपरसुद्धा नाही.

मला वाटलं होतं काकी मला उभी करणार नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "ये गो बाय. तू कित्याक इलंस? येवचा तर आमी तुझ्याकडे येवचा." मला खाली बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "दोनदा सांगितलंस ना तू? पोर असून तुला कळत होतं. ह्यांका कळला नाय. चाळीस वर्सां वयेत मान घालून बसले आणि माणसाचा आयकूक शिकले नाय."

"काकी, ऐका ना..."

"नाय, बोलू दे माका. मी त्या पोरीच्या आईकडे गेललंय. दारातसून परत इलंय. काय तोंड दाखवतलंय? घरी येवन ह्यांका म्हटला, आता माझ्याशी बोलू नका. महिनो झालो, मी ह्यांच्याशी बोलणंय नाय. जेवण वाढतंय, बास." मग त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्यापुढे हात जोडले. "आमका माफ कर गो."

माझ्या बापाच्या वयाच्या माणसाची बायको माझ्यासमोर हात जोडून बसली होती. मी त्यांचे हात खाली केले. "काकी, तसं झालंच नाही. मी..."

"नलिनी." काका खिडकीजवळून बोलले. "चहा निवता हा."

चहा अजून केलेलाही नव्हता. काकी उठल्या, स्टो पेटवायला गेल्या. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नाही. पंपावर कोणी टाकीजवळ विडी काढली की अशीच मान हलवायचे. चहा आला. काकींनी माझ्या कपात साखर जास्त घातली होती, त्यांच्या कपापेक्षा. मी तो प्यायले, सगळा, आणि एक शब्द बोलले नाही.

निघाले तेव्हा काका पायऱ्यांपर्यंत आले. म्हटलं, "काका, मी सांगते काकींना. आत्ता जाऊन सांगते. त्या तुमच्याशी बोलत नाहीत, हे कशासाठी?"

"तुझं वय काय? एक्केचाळीस. माझं काय उरलंय." मग म्हणाले, "अक्षता परत येणार हाय काय?"

"पण तुम्ही खोटं लिहिलंत."

"खोटा खय? तू सांगितलं असतंस तरी मी काय आयकणार होतंय? नाय. मग एकच झाला." आणि हसायचा प्रयत्न केला. "जा. वही नीट लिव."

मी पायऱ्या उतरले. खाली आले आणि तिथेच भिंतीला धरून बसून रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी. कारण त्यांचं ते बोलणंच खोटं होतं, आणि ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. सात वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं होतं, काका, नोझल आपोआप बंद झाल्यावर वरून आणखी टाकू नका, वाफ हवेत जाते, असं परिपत्रकात खाली बारीक अक्षरात आहे. तीस वर्षं गळ्यापर्यंत टाकी भरून देणारा माणूस, त्याने परिपत्रक पुन्हा काढलं, वाचलं आणि म्हणाला, "बरोबर हाय गो, माझ्या नजरेतनं सुटलं." दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांशी भांडून तो नियम पाळला.

मी त्या दिवशी टाकीपाशी 'काही नाही' म्हटलं नसतं, तर काकांनी ऐकलं असतं. काठी पुसून त्यांनी माझ्याकडे नवी ट्यूब मागितली असती. पेस्टचा रंग बघून पंप बंद ठेवला असता, रांगेतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या असत्या, आणि अक्षता आमच्या नावाने बोटं मोडत पुढच्या पंपावर गेली असती.